औषध, संप्रेरक आणि संमती: जालना जिल्ह्यातील मानसिक उपचारांची निवड

मानसिक आजारावर गोळ्या घ्याव्यात की नाहीत, असा प्रश्न घराघरांत विचारला जातो, परंतु उपचाराचा निर्णय एवढ्या एकाच प्रश्नावर कधीच ठरत नाही. आजार कोणता आहे, तो शरीरातील एखाद्या बिघाडातून उद्भवला आहे काय, निवडलेल्या औषधासाठी कोणत्या तपासण्या लागतात, त्या तपासण्या रुग्णाच्या आवाक्यात आहेत काय, आणि या सगळ्यात रुग्णाचे स्वतःचे म्हणणे कोणी ऐकून घेतले काय, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे क्रमाने मिळत गेली तरच निवड या शब्दाला अर्थ उरतो. मानसिक उपचारांतील औषधे, शरीरातील संप्रेरके (म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवांचे काम नियंत्रित करणारी रसायने) आणि कायद्याने रुग्णाला दिलेले अधिकार यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी मराठवाड्यातील जालना जिल्हा हे उदाहरण अनेक दृष्टींनी उपयोगी पडते.

जिल्हा आणि उपचारांची अंतरे

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या आणि जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा अशा आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाखांच्या आसपास होती आणि तिच्यातील सुमारे चार पंचमांश लोक खेड्यांत राहत होते. जालना शहर पोलादाच्या कारखान्यांसाठी आणि बियाणे उद्योगासाठी प्रसिद्ध असले, तरी जिल्ह्याचा मोठा भाग कापूस, सोयाबीन आणि मोसंबीच्या कोरडवाहू किंवा अपुऱ्या पाण्याच्या शेतीवर जगतो. गंभीर मानसिक आजारासाठी येथील कुटुंबे प्रथम जालन्याच्या सिव्हिलमध्ये किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञाकडे जातात आणि तेथे भागले नाही तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची वाट धरतात. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे उभी राहिली आणि मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही; ही उणीव ओळखूनच जालना येथे ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला राज्य शासनाने मान्यता दिली.

खाटांची संख्या महत्त्वाची असली, तरी बहुसंख्य रुग्णांना दाखल होण्याची गरज नसते. त्यांना गावाजवळ मिळणारी तपासणी आणि खंड न पडणारे औषध हवे असते. या विचारातूनच १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला, कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात त्याचा नमुना तपासला गेला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, ज्यात जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांच्या पथकाने प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचावे, अशी कल्पना आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात जालन्याचा समावेश होता आणि आशा ताईंनी घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्नांच्या आधारे नैराश्याची लक्षणे असलेल्या व्यक्ती ओळखाव्यात व पुढे पाठवाव्यात, अशी त्याची रचना होती.

एवढे होऊनही अनेक कुटुंबांचा पहिला प्रवास दवाखान्याकडे होत नाही. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथे असलेल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर बाहेरची बाधा झाली असे मानून आणलेल्या रुग्णांची वर्दळ असते आणि होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत ती कैकपट वाढते. श्रद्धेची हेटाळणी केल्याने हा प्रवाह थांबत नाही, हे ओळखून गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकाच आवारात मिळण्याची सोय करण्यात आली, आणि तेथील मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. याउलट, तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण सुटका न झाल्यामुळे मृत्युमुखी पडले; त्यामुळे प्रार्थनेची मोकळीक आणि साखळीची मनाई या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात.

औषधांचे गट आणि त्यांचा कालावधी

मानसिक आजारांवरील आधुनिक औषधांचा इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवून दिला, १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीनमुळे भास आणि भ्रम आटोक्यात येतात हे दिसून आले, आणि १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा नैराश्यावरील परिणाम जाहीर केला. आजही औषधांचे मुख्य गट याच तीन शोधांच्या वळणाने गेलेले आहेत: भास-भ्रम कमी करणारी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापीन यांसारखी औषधे, मनःस्थितीचे टोकाचे चढउतार रोखणारी लिथियम, व्हॅलप्रोएट यांसारखी औषधे, आणि नैराश्य व चिंता यांवरील एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन यांसारखी औषधे. चौथा गट झोप आणणाऱ्या आणि घबराट तात्पुरती शमवणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांचा असून, डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते हा समाजातील सार्वत्रिक समज प्रामुख्याने या एकाच गटाला लागू पडतो.

नैराश्यावरील गोळीचा परिणाम जाणवण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, मात्र मळमळ, डोकेदुखी, बेचैनी यांसारखे दुष्परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसतात. ज्याला हे आधी सांगितलेले नसते, तो रुग्ण गुण येण्यापूर्वीच गोळ्या सोडतो आणि औषधाचा उपयोग नाही असा निष्कर्ष काढतो. बरे वाटू लागल्यानंतरही औषध किमान सहा महिने चालू ठेवावे लागते आणि नंतर ते हळूहळू कमी करावे लागते, कारण एकाएकी थांबवल्यास चक्कर, चिडचिड आणि निद्रानाश उद्भवतो. पहिल्याच औषधाने प्रत्येक जण बरा होत नाही. अमेरिकेतील स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्ण पूर्णपणे लक्षणमुक्त झाले. त्यामुळे औषध बदलावे लागणे याचा अर्थ डॉक्टर चुकला किंवा आजार असाध्य आहे असा होत नाही, तर बदल करण्यासाठी रुग्ण पुन्हा डॉक्टरपर्यंत पोहोचला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

नेमके हेच पोहोचणे जालन्यात कठीण होते. ऊसतोडीच्या हंगामात दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन निघालेले जोडपे उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परतते, आणि दर महिन्याला सिव्हिलमध्ये मिळणारे औषध सहा महिने कारखान्याच्या फडावर मिळत नाही. अशा रुग्णासाठी महिन्यातून एकदा किंवा दोनदा टोचता येणारे, शरीरात हळूहळू पाझरणारे फ्लुफेनाझीनसारखे इंजेक्शन, किंवा स्थलांतराच्या जिल्ह्यातील रुग्णालयाच्या नावे दिलेली चिठ्ठी, हा रोजच्या गोळीपेक्षा अधिक व्यवहार्य पर्याय ठरतो.

लिथियम आणि मराठवाड्याचा उन्हाळा

उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या द्विध्रुवी आजारात लिथियम हे आजही अत्यंत परिणामकारक औषध असून आत्महत्येचा धोका कमी करण्याचा गुण त्याच्याइतका अन्य औषधांत ठळकपणे आढळलेला नाही. त्याची अडचण अशी की उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. दीर्घकालीन उपचारात रक्तातील प्रमाण सामान्यतः लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल यांच्या दरम्यान ठेवले जाते आणि त्यासाठी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त तपासले जाते. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड ते रोखून धरते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेलेला असताना शेतात किंवा पोलादाच्या भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या रुग्णात, जुलाब-उलट्या झालेल्यात किंवा निर्जळी उपवास अथवा रोजा धरणाऱ्यात ठरलेलाच डोस धोकादायक ठरू शकतो. अंगदुखीसाठी सहज घेतली जाणारी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळीही लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढवते. हात जोराने थरथरणे, तोल जाणे, बोलणे जड होणे आणि उलट्या ही विषबाधेची लक्षणे असून ती दिसताच औषध थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे लागते. लिथियम घेणाऱ्या व्यक्तीची मूत्रपिंडाची आणि अवटू ग्रंथीची तपासणी साधारणतः दर सहा महिन्यांनी व्हावी लागते, आणि येथूनच मानसिक उपचार व संप्रेरके यांचा संबंध सुरू होतो.

अवटू ग्रंथी: आधी रक्त, मग निदान

गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, जे संप्रेरक तयार करते ते कमी पडले तर थकवा, मंदपणा, उदासी, विसरभोळेपणा, वजनवाढ आणि बद्धकोष्ठता अशी लक्षणे दिसतात, आणि त्यांतील निम्मी लक्षणे नैराश्यासारखीच असतात. म्हणून नैराश्याचे निदान पक्के करण्यापूर्वी टीएसएच ही रक्ततपासणी करून घेणे, आणि त्याचबरोबर रक्तक्षय व ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पाहणे, हा शहाणपणाचा क्रम मानला जातो; रक्तक्षय व्यापक असलेल्या आणि शाकाहार प्रबळ असलेल्या भागात तर तो विशेष लागू पडतो. अवटूची कमतरता सिद्ध झाल्यास सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची लेव्होथायरॉक्सीनची गोळी दिली जाते आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून डोस ठरवला जातो.

अवटूचे कार्य सुरळीत असतानाही तिचे संप्रेरक नैराश्यावरील औषधाला जोड म्हणून कधी कधी वापरले जाते. स्टार-डी अभ्यासात दोन औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांपैकी टी-३ हे संप्रेरक जोडलेल्या गटात २४.७ टक्के, तर लिथियम जोडलेल्या गटात १५.९ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही, परंतु टी-३ रुग्णांना अधिक सोसवले. थकवा जावा म्हणून तपासणीविना ही गोळी घेणे मात्र घातक आहे, कारण तिचा अतिरेक हृदयाची लय बिघडवतो आणि हाडे ठिसूळ करतो.

स्त्रीचे आयुष्य आणि संप्रेरकांचे वळण

मानसिक आजारांच्या औषधांचा स्त्रीशरीराशी असलेला संबंध चिठ्ठी लिहिताना अनेकदा दुर्लक्षित राहतो. रिस्पेरिडोनसारखी औषधे प्रोलॅक्टिन या दूधनिर्मितीच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढवतात, त्यामुळे पाळी चुकते आणि क्वचित स्तनांतून दूध येते. त्याचा अर्थ घरात भलताच लावला जाऊन अविवाहित किंवा विधवा रुग्णावर संशय घेतला जाण्याची शक्यता असते, म्हणून ही गोष्ट औषध सुरू करतानाच सांगितली गेली पाहिजे. व्हॅलप्रोएट गरोदरपणात घेतल्यास सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि मुलांच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो, त्यामुळे मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते शक्यतो देऊ नये, असे जगभरातील मार्गदर्शक सूचना सांगतात. आशा ताईंकडून मिळणाऱ्या माला-एन या गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन गटातील संप्रेरक असते. ते लॅमोट्रिजीन या मनःस्थिती स्थिर करणाऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, तर कार्बामाझेपीन हे औषध उलट गर्भनिरोधक गोळीलाच निष्प्रभ करते. अशा रुग्णांना तांबी किंवा संप्रेरकरहित साधन सुचवणे हाही मानसिक उपचाराचाच भाग ठरतो.

प्रसूतीनंतर काही तासांतच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची पातळी झपाट्याने कोसळते आणि त्याबरोबर प्रोजेस्टेरॉनपासून तयार होऊन मेंदूला शांत ठेवणारे ॲलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्यही घटते. या यंत्रणेवर आधारित झुरॅनोलोन नावाची १४ दिवस घ्यावयाची गोळी अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. परंतु सर्ट्रालीन हे स्वस्त आणि स्तनपान चालू असतानाही तुलनेने सुरक्षित मानले जाणारे औषध जिल्हा पातळीवर सहज देता येण्यासारखे आहे. खरी अडचण ओळखण्याची आहे, कारण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली स्त्री सासरच्या आशा ताईंच्या नोंदवहीत राहते आणि माहेरच्या नोंदवहीत येत नाही. नवजात बाळाच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतातच. त्याच भेटींत आईची झोप, रडू येणे आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार यांबद्दल विचारपूस झाली, तर वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज उरत नाही. हजार बाळंतिणींत एक-दोघींना होणारा प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार, ज्यात भास, संशय आणि निद्रानाश एकाएकी सुरू होतात, ही मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची आणीबाणी असते.

गोदावरीच्या पलीकडे असलेल्या बीड जिल्ह्याने या विषयाची आणखी एक बाजू समोर आणली. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्या जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले गेल्यास तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती ओढवते, अंगातून वाफा निघणे, निद्रानाश आणि उदासी सुरू होते व हाडे लवकर झिजतात. अशा स्त्रीला केवळ झोपेच्या गोळ्या देणे म्हणजे मूळ कारण झाकून ठेवणे होय. प्रतिबंध करणारे अन्य कारण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारणतः पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेनची पूर्तता करावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. संप्रेरकोपचाराविषयीची भीती २००२ मध्ये थांबवल्या गेलेल्या अमेरिकी अभ्यासातून पसरली, मात्र त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ च्या आसपास होते, त्यामुळे त्याचे निष्कर्ष पस्तिशीतील स्त्रीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या जालना जिल्ह्यातूनही जातात, त्यामुळे उदासीची तक्रार घेऊन आलेल्या तरुण स्त्रीला पिशवीचे ऑपरेशन झाले आहे काय, हा प्रश्न येथील प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात विचारला गेला पाहिजे.

लिंगओळख आणि संप्रेरके

जन्मतः नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग यांत तफावत असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत संप्रेरकोपचाराचा हेतू वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ही तफावत मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क मान्य केले, २०१९ च्या कायद्यात समुपदेशन व संप्रेरकोपचार उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली गेली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. अशा व्यक्तीला नैराश्य असू शकते, आणि ते बहुधा अवहेलना, बेघरपणा व हिंसा यांतून येते. म्हणून नैराश्याचा उपचार आणि लिंगओळखीचा प्रश्न एकमेकांच्या जागी न ठेवता दोन्हींची दखल एकाच वेळी घ्यावी लागते. संप्रेरके औषधाच्या दुकानातून परस्पर घेणे धोक्याचे आहे, कारण इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होऊ शकते, टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकते, आणि दोन्हींसाठी नियमित रक्ततपासणी लागते.

गोळीशिवायचा उपचार

सौम्य नैराश्यात केवळ संवादोपचार पुरेसा ठरतो आणि मध्यम ते तीव्र नैराश्यातही तो औषधाइतकाच विचारात घेण्यासारखा असतो, असे पुरावे मराठी-कोकणी मुलखातूनच आलेले आहेत. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना पुन्हा दैनंदिन कामांकडे व माणसांकडे वळवले; तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटातील ३९ टक्के रुग्ण लक्षणमुक्त आढळले. विदर्भातील विश्राम प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांमुळे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कर्ज, नापिकी आणि पावसाचा खंड यांवर गोळी नाही, हे खरे. परंतु त्यांतून आलेल्या नैराश्यामुळे निर्णयशक्तीच गोठलेली असताना उपचार माणसाला पुन्हा निर्णय घेण्याजोगे करतात, हेही तितकेच खरे आहे.

संमतीचा कायदा

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला उपचाराचा विषय न मानता निर्णयाचा धनी मानले. भविष्यात आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कोणता उपचार करावा व कोणता करू नये, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते. साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधीही नेमता येतो. रुग्णाला साखळीने बांधणे, भूल व स्नायू सैल करणारे औषध न देता विजेचे शॉक देणे आणि मानसिक आजारावरील उपचार म्हणून नसबंदी करणे यांना कायद्याने मनाई आहे; १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यात काढण्यात आल्यावर उसळलेला वाद आठवला, म्हणजे अशा तरतुदींची गरज पटते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याचे आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरवण्याचे बंधनही हाच कायदा घालतो, त्यामुळे कीटकनाशक प्यायलेल्या शेतकऱ्याला पोलिसांच्या भीतीने उशिरा दवाखान्यात नेण्याचे कारण उरलेले नाही.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य व चिंता यांसारख्या आजारांत सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. जालन्यासारख्या जिल्ह्यात निवडीचा अधिकार कागदावरून व्यवहारात आणावयाचा असेल तर मोठ्या इमारतीच्या आधी तालुक्याच्या रुग्णालयात टीएसएच, मूत्रपिंड आणि लिथियमच्या तपासणीचे रक्त घेतले जावे, स्थलांतरित मजुरांना हंगामभर औषध मिळावे आणि आशा ताईंच्या प्रश्नांत बाळंतीण व ऑपरेशन झालेली स्त्री यांचा समावेश व्हावा. रुग्ण आणि कुटुंबीयांनी प्रत्येक चिठ्ठीबाबत चार प्रश्न अवश्य विचारावेत: आजार कोणता, औषध किती काळ, तपासणी कोणती आणि पर्याय कोणता. डॉक्टर दूर असतील तेव्हा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतून आणि विनामूल्य बोलता येते.